कुसाबाईची प्रतवारी

कुसाबाई नाटकात शिरली ती भांडायला म्हणून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर नाशिकच्या एका पेपरात 'ग्रामीण भागातली जन्मजात अभिनेत्री' वगैरे छापून आलं आणि ते वाचून कुणालाही वाटेल की बाईला लहानपणापासून नाटकाचा नाद असणार. कसला नाद! पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सत्तावीस वर्षं घड साफ करणारी बाई ती, तीस बायकांच्या टोळीची मुकादम. समोर कुणी काम चुकीचं करत असेल तर तिला गप्प बसवत नसे, एवढा एकच नाद तिला होता.

झालं असं, की द्राक्षांचा सीझन सुरू होतो जानेवारीत. त्याआधी सात-आठ महिने पॅकहाऊस रिकामं असतं. टेबलं भिंतीला लावलेली, क्रेट छतापर्यंत रचलेले. मालक संतोषशेठ यांनी ती जागा 'मांडव नाट्य मंडळा'ला तालमीसाठी फुकट दिली होती. शेठ नाटकवेडे होते अशातला भाग नाही. निवडणूक जवळ आली होती आणि कलेला आश्रय दिल्याचा फोटो चांगला दिसतो. नाटक कशावर आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मंडळानंही आपण होऊन सांगितलं नाही.

कुसाबाई आठवड्यातून एकदा तिथे उंदीर-घुशी बघायला जाई. श्रावणातल्या एका संध्याकाळी ती गेली तर टेबलामागे एक मुलगी उभी, एका हातात प्लास्टिकचा द्राक्षघड, दुसऱ्या हातात कात्री, आणि समोर रांगेत सात-आठ माणसं.

"अगं ए बाई," कुसाबाई दारातूनच ओरडली, "घड हाय का कोंबडीची मान? असा आवळतेस कशाला? देठाला धर, देठाला! मण्याला बोट लागलं की त्याच्यावरची सगळी पांढरी पावडर जाती."

मुलगी घाबरून बाजूला झाली. कुसाबाईनं घड घेतला, देठाला दोन बोटांत धरला, खालून अलगद फिरवला आणि कात्रीचं टोक मण्यांच्या आत घालून एक मणी असा उडवला की शेजारच्याला हाललेलंही कळलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं की सगळे तिच्याच हातांकडे बघतायत.

"मावशी," टेबलाच्या टोकाला बसलेला चष्मेवाला माणूस म्हणाला, "ह्या नाटकात काम कराल का?"

हा शेखर. नाटकाचा लेखकही तोच, दिग्दर्शकही तोच. एरवी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात. तयार झालेला एकेक भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर त्याच्यावर लाल शिक्का मारायचा, हे त्याचं वीस वर्षांचं काम.

"मला बोलता यायचं नाय," कुसाबाई म्हणाली.

सगळे हसले, कारण आल्यापासून ती एकटीच बोलत होती. पण शेखर हसला नाही. "बोलायचं नाहीच आहे," तो म्हणाला. "फक्त हात पाहिजेत."

नाटकाचं नाव 'प्रतवारी'. त्यातला देश कुठला आणि साल कुठलं ते सांगितलेलं नव्हतं. त्या देशात सरकार माणसांची प्रतवारी करतं. दर पाच वर्षांनी प्रत्येकानं टेबलापुढे उभं राहायचं. ज्याचं जे चुकलं असेल त्याची एकेक लाल चिठ्ठी त्याच्या गळ्यातल्या लाल दोरीला लटकवलेली. प्रश्न विचारला, एक चिठ्ठी. सभेत टाळी वाजवली नाही, एक. भलत्या जागी हसला, एक. म्हातारा झाला, त्याचीही एक. तीनपर्यंत माफ. चौथी चिठ्ठी दिसली की माणूस बेदाणा. मग त्याला मागच्या दारानं वाळवणीच्या शेडकडे नेत. पुढे त्याचं काय होतं ते नाटकात दाखवलेलं नाही. वर एक कर्णा टांगलेला, त्यातून सारखं ऐकू येई, "गोड माणसं, गोड देश!"

हे सगळं ऐकून खंडेराव पहिल्या दिवसापासून काळजीत होते. खंडेराव म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नाटकातला म्हातारा त्यांच्याकडे होता. "शेखर, आपल्याला आत टाकतील रे," असं ते दर तालमीला एकदा म्हणत. प्रत्यक्षात मुंबईहून संहितेला सरकारी मंजुरी आली ती एका शब्दालाही हात न लावता, आणि त्यामुळे शेखर मनातून थोडा नाराजच झाला.

कुसाबाईचं काम साधं होतं. टेबलामागे उभं राहायचं. माणूस पुढे आला की चिठ्ठ्या मोजायच्या. चार भरल्या की कात्री टेबलावर दोनदा ठोकायची. ठक, ठक. मग दोन शिपाई येऊन माणसाला नेतील. पहिल्याच तालमीत खंडेराव पुढे आले, तिनं डाव्या हातानं त्यांची हनुवटी वर केली, मान जराशी फिरवली आणि चिठ्ठी कापून खाली टाकली.

"मावशी! कापली का?"

"मग? खराब मणी हाय ना त्यो?"

"नाही, नाही. चिठ्ठी नाही काढायची. माणूस बाद करायचा."

"अख्खा?"

"अख्खा."

"अहो, चार मण्यांपायी अख्खा घड फेकला तर संध्याकाळी शेठ मला फेकतील!" कुसाबाई म्हणाली. "आमचं कामच ते हाय. मणी काढायचा, घड ठेवायचा."

शेखर तिच्याजवळ येऊन बसला. चांगला माणूस, पण समजावून सांगायला लागला की नळ सुटल्यासारखा. "आमच्याकडे तसं नसतं मावशी. भागावर केसाएवढा चरा दिसला की अख्खा भाग बाद. चरा कापून काढता येत नाही. तो तसाच बसवला तर विमान पडेल, माणसं मरतील."

"मानसं इमानाचे पार्ट हायेत का?"

"नाहीत. पण ह्या नाटकातलं सरकार तसं समजतं. म्हणून तर नाटक."

हे मात्र कुसाबाईला पटलं. पटल्यावर ती कामाला चोख. दिवाळीपर्यंत तिचं ते ठक-ठक इतकं थंड होत गेलं की प्रकाशयोजना बघणारी तेजस्विनी, शेखरची पुतणी, म्हणायची, "मावशी, तुम्ही घरी जाताना तरी हसत जा, मला भीती वाटते." कुसाबाईला आपल्याला काही येतंय याची मजा वाटू लागली होती. बाईला आयुष्यात शाबासकी अशी कधी कुणी दिली नव्हती, आणि पन्नाशीनंतर मिळालेली शाबासकी फार गोड लागते.

दिवाळी झाली आणि संतोषशेठनी तिला ऑफिसात बोलावलं. गेल्या सीझनचं रडगाणं तिला ठाऊकच होतं. परदेशात गेलेल्या मालात सोळा पेट्या सडक्या मण्यांच्या निघाल्या होत्या आणि तिकडून तिखट पत्र आलं होतं.

"कुसाबाई, ह्या वर्षी टोळी नवी लावू," शेठ म्हणाले. "पंचेचाळीसच्या वरच्या बाया नकोत. वयानं डोळे जातात, त्यांचा काय दोष नाही, पण माल माझा जातो. तू यादी दे. ज्या नकोत त्यांच्यावर रेघ मारून आण."

"शेठ, मी बावन्नची हाय."

"तुझं वेगळं. तू मुकादम." त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "पुढच्या शनिवारी तुमचं नाटक ना? मी येतोय हं, पहिल्या रांगेत. यादी त्यानंतरच्या सोमवारी दे."

घरी येऊन तिनं नातीची वही काढली आणि तीस नावं लिहिली. हळूहळू, एकेक अक्षर दाबून. मग वयं आठवली. अकरा जणी पंचेचाळीसच्या पुढच्या निघाल्या. पहिलंच नाव ठकूबाईचं.

ठकूबाई तिची शेजारीण. सत्तावन्न वर्षांची, हाडं तेवढी मोठी, बाकी नुसती जीभ. कुसाबाई पहिल्यांदा पॅकहाऊसला आली तेव्हा कात्री कशी धरायची ते ह्याच ठकूबाईनं तिला शिकवलं होतं, तेही बोटांवर चापट्या मारून. आणि खरं बोलायचं तर शेठचं अगदीच खोटं नव्हतं. गेल्या सीझनला ठकूबाईच्या हातून सडके मणी सुटत होते. कुसाबाईला ते दिसत होतं. ती गुपचूप ठकूबाईचा क्रेट आपल्याकडे ओढून घ्यायची आणि पुन्हा साफ करायची. पण तीस जणींच्या मालावर एकटी किती नजर ठेवणार? सोळा पेट्या सुटल्याच.

तिनं पेन उचललं. मग तिला वाटलं, आधी चहा घ्यावा. चहा झाल्यावर वाटलं, उद्या बघू. असं करत आठवडा गेला. यादीबद्दल तिनं टोळीत कुणाला चकार शब्द सांगितला नाही. सांगणार कसं? ठकूबाई तर दारोदार फिरून नाटकाची जाहिरात करत होती. शेठच्याच टेम्पोत बसून सगळी टोळी नाशिकला नाटक बघायला जाणार असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

तालमीत कुसाबाईला आता त्रास होऊ लागला. ठक-ठक केलं की ठकूबाई. पुन्हा ठक-ठक, की शांताबाई, मग भागाबाई. शेखर मात्र खूश. "वा! चेहऱ्यावर काय आलंय आज," तो म्हणाला. तिच्या जिवाची नुसती तगमग होत होती आणि ह्याला तो अभिनय वाटत होता.

शनिवारी सकाळी साडेअकराचा प्रयोग. नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी, नाशिकचं सायखेडकर नाट्यगृह. कुसाबाई मेकअपच्या खोलीत शिरली तर तिथे नटराजाची मूर्ती मांडलेली, नारळ, उदबत्ती. पूजेला ज्याचं त्याचं सामान ठेवतात असं कळल्यावर तिनं आपली कात्रीही ठेवली. पॅकहाऊसमधलीच, तिच्या अंगठ्यानं मूठ झिजलेली. तेजस्विनीनं तिच्यावर हळदकुंकू वाहिलं.

पडद्याच्या फटीतून तिनं पाहिलं. पहिल्या रांगेत संतोषशेठ पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, दोन्ही बाजूंना दोन कार्यकर्ते. मधोमध परीक्षक. आणि आठव्या-नवव्या रांगेत तिची टोळी, नवी लुगडी-साड्या नेसून, पिशव्या मांडीवर घेऊन. ठकूबाई शेजारणीला मोठ्यानं सांगत होती, "बोलायचं नाय हां नाटकात, पैलेच सांगते."

तिसरी घंटा झाली.

नाटक रंगलं, यात शंका नाही. गंमत अशी की कर्ण्यातून सरकारची घोषणा आली की सत्तेतल्या लोकांचे कार्यकर्ते हसत आणि विरोधातल्यांचेही हसत. प्रत्येकाला वाटत होतं, हे समोरच्याला हाणलंय. संतोषशेठ तर मांडीवर थाप मारत होते. कुसाबाईला टेबलामागून ते स्पष्ट दिसत होते. हा माणूस सोमवारी यादी मागणार, आणि आपण ती देणार.

शेवटचा प्रवेश आला. खंडेराव रांगेतून पुढे आले. गळ्यात चार चिठ्ठ्या. त्यांचं भाषण होतं, आणि गेल्या तीन महिन्यांत त्यांनी ते कधी पुरतं पाठ म्हटलं नव्हतं. आज मात्र शब्दही चुकला नाही. "मी साऱ्या जन्मात कुठली रांग मोडली नाही," ते म्हणाले. "जिथं उभं राहा म्हणाले तिथं उभा राहिलो. आता मला एवढंच सांगा, मी कुणाला नको झालो?" आणि ते टेबलाजवळ येऊन थांबले.

आता ठक, ठक. मग शिपाई, मग अंधार, मग कर्णा.

कुसाबाईचा डावा हात वर गेला. त्यानं खंडेरावांची हनुवटी धरली, मान खालून अलगद फिरवली. उजव्या हातातली कात्री आत शिरली आणि पहिली चिठ्ठी टेबलावर पडली.

चूक झाली हे तिला लगेच कळलं. अजून वेळ गेली नव्हती, आत्ता दोनदा ठोकलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. खंडेराव ओठ न हलवता पुटपुटले, "ठोका, मावशी, ठोका." पण तिचा हात ठोकायला तयार होईना. सत्तावीस वर्षांत त्या हातानं चांगला घड फेकला नव्हता आणि तो आज फेकणार नव्हता. हे एकदा कळल्यावर तिची भीतीच गेली. तिनं दुसरी चिठ्ठी कापली. मग तिसरी. सावकाश, मान वळवून बघत, जसं ती रोज बघायची तसं.

विंगेत तेजस्विनी दिव्यांच्या बटणांवर बोट ठेवून उभी होती. "काका, अंधार करू?" तिनं कुजबुजून विचारलं. शेखरनं हात वर केला. हात खाली आला की अंधार, असं ठरलेलं. हात वरच राहिला.

तेवढ्यात नवव्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "कुसे! मानेमागं बी एक राह्यलीय! कालरीखाली बघ, कालरीखाली!"

लोक हसले. मग हसता हसता कुणीतरी टाळी वाजवली. कुसाबाईनं खंडेरावांना पाठमोरं केलं. खरंच, चौथी चिठ्ठी दोरीवरून मागे सरकून कॉलरखाली अडकली होती. ती कापून तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पॅकहाऊसमध्ये दिवसातून हजार वेळा म्हणते तेच म्हणाली, "घड चांगला हाय. पुढं सरका."

खंडेराव पुढे सरकले. जाणार कुठे हे त्यांना माहीत नव्हतं, कारण संहितेत त्यांना पुढे जागाच नव्हती. ते शिपायांच्या मधून चालत रंगमंचाच्या पार पुढच्या कडेला येऊन उभे राहिले. आणि मागच्या रांगेतली माणसं, जी बाद होण्याची वाट बघत उभी होती, ती एकेक करून टेबलापाशी आली आणि त्यांनी माना पुढे केल्या. कर्णा ठरल्या वेळी आपला सुरू झाला, "गोड माणसं, गोड देश," पण टाळ्यांत तो कुणाला ऐकूच गेला नाही. शेवटची चिठ्ठी पडली तेव्हा तेजस्विनीनं अंधार न करता पडदा पाडायला सांगितलं.

आत आल्यावर कुसाबाई कोपऱ्यात जाऊन बसली. आता बोलणी खायची तयारी होती. शेखर आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. "संहितेबाहेर गेलो आपण. परीक्षक गुण कापतील," तो म्हणाला.

"चुकलं माझं."

"हो, चुकलं," शेखर म्हणाला. मग त्यानं खिशातून पेन्सिल काढली, संहितेचं शेवटचं पान मांडीवर उलगडलं. "शेवटी काय म्हणालात, ते परत सांगा. नेमके शब्द. लिहून घेतो." त्याचे डोळे लाल झाले होते.

संतोषशेठही आत येऊन गेले. "लय भारी! वरच्या लोकांना काय हाणलंय!" ते म्हणाले, सगळ्यांबरोबर फोटो काढला, आणि जाताना कुसाबाईला, "सोमवारचं लक्षात आहे ना?"

बाहेर टेम्पोजवळ टोळी पेढे खात होती. ठकूबाईनं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कुसाबाईच्या मनात मात्र मघापासून एक गोष्ट घोळत होती.

"ठके, तुला नवव्या रांगेतून कालरीखालची चिठ्ठी दिसली?"

"न दिसायला काय झालं? लांबचं मला घारीवानी दिसतं." ठकूबाईनं दुसरा पेढा उचलला. "जवळचंच तेवढं..." आणि तिनं जीभ चावली.

कुसाबाईनं हातातला पेढा तिच्या नाकापुढे धरला. "ह्याच्यावर काय हाय?"

"काय हाय? पेढा हाय."

"पिस्त्याचा काप हाय ठके, हिरवागार."

ठकूबाईचं तोंड एवढंसं झालं. तिला वाटलं, आता संपलं. तीन वर्षं तिनं हे लपवलं होतं, आणि लपवलं होतं तेही कुणापासून, तर जी सगळं झाकत होती तिच्याचपासून. कुसाबाईला हसूही आलं आणि रडूही आलं. तिनं तिथेच टेम्पोच्या फाळक्याला धरून यादीचं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोघी पिंपळगावच्या बाजारात चष्मेवाल्याकडे गेल्या. टोळीतल्या बाईनं चष्मा लावायचा हे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चष्मा मास्तरनं लावावा, तलाठ्यानं लावावा, मजूर बाईनं कसला लावायचा? ठकूबाईनं एक लावून पाहिला, दुसरा पाहिला. तिसरा लावून ती शेजारच्या हातगाडीकडे वळली. गाडीवर बागलाणातली लवकरची द्राक्षं होती. तिनं घड उचलला, देठाला धरून फिरवला आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं बया," ती म्हणाली. मग, "हा सडलाय. हा बी. ह्याला भेग पडलीय." आणि नखानं मणी उडवायला लागली. गाडीवाला ओरडू लागला तशी ती त्याच्यावर उलटली, "ओरडतो काय? तुझाच माल साफ करते मी, फुकटात!"

सोमवारी सकाळी कुसाबाई शेठच्या ऑफिसात गेली. यादीचा कागद टेबलावर ठेवला, शेजारी कात्री. शेठनी कागद उचलला, हात लांब करून पाहिला, मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तीसच्या तीस? अगं, रेघा कुठं आहेत? काय सांगितलं होतं मी?"

"शेठ, तुमचं वय काय?"

"एक्कावन्न. त्याचं काय?"

"चष्मा कधी लागला?"

"झाली की सहा-सात..." शेठ बोलता बोलता थांबले.

ह्या माणसाच्या एका शब्दावर सगळ्या टोळीचं काम जाऊ शकत होतं, तिचं स्वतःचंही. पण शनिवारी एकदा तिचा हात थांबला होता आणि आता तो पुढे जाणार नव्हता. "नावं काढायची तर काढा शेठ," ती म्हणाली. "मालक तुम्ही हाय. पण चष्मा उतरवा आन् मग काढा."

शेठनी चष्मा उतरवला. कागदाकडे पाहिलं. मग कुसाबाईकडे पाहिलं. नाटकात आपण कुणाला हसत होतो याचा थोडासा प्रकाश त्यांच्या डोक्यात पडला असावा, कारण त्यांचा चेहरा आधी रागानं लाल झाला आणि मग नुसताच लाल राहिला.

"कोल्ड रूममधून बाहेर आलं की काचांवर धुकं येतं," ते म्हणाले. "आणि खाली वाकलं की चष्मा पडतो. मालात काच गेली तर काय करायचं?"

"काच नको, प्लास्टिकचा घेऊ. आन् दोऱ्या बांधू."

"एक सीझन," शेठ म्हणाले. "एकच. पेटी परत आली तर मला सांगू नको."

"परत आली तर पैलं माझं नाव काढा," कुसाबाई म्हणाली आणि कात्री उचलून निघाली. बाहेर आल्यावर ती आधी पायरीवर बसली.

स्पर्धेत 'प्रतवारी'चे गुण कापले गेले ते गेलेच. अंतिम फेरी हुकली. बक्षीस एकच मिळालं, प्रकाशयोजनेचं, ज्यातला मुख्य अंधार करायचा राहूनच गेला होता. पण सटाण्याहून, येवल्याहून नाटकाला बोलावणी आली. शेखरनं शेवट नव्यानं लिहून मंजुरीला पाठवला आणि उत्तर येईपर्यंत खंडेराव पुन्हा काळजीत पडले.

जानेवारीत पॅकहाऊस सुरू झालं. ट्यूबलाईटच्या उजेडात तीस बायका, डोक्याला टोप्या, हातात कात्र्या. त्यांतल्या अकरा जणींच्या नाकावर चष्मे, आणि चष्म्यांना मानेमागून बांधलेल्या लाल दोऱ्या. नाटकातल्या चिठ्ठ्या कापून पडल्या तेव्हा दोऱ्या उरल्या होत्या, त्या तेजस्विनीनं दोन-दोन तुकडे करून आणून दिल्या होत्या. कुसाबाई टेबलामागून फिरत होती. जुन्या सवयीनं तिनं ठकूबाईचा क्रेट आपल्याकडे ओढला. ठकूबाईनं त्याच्यावर हात ठेवला.

"ठेव खाली," ती म्हणाली. "माझं मी बघितलंय. तुझ्याच घडात एक राह्यलाय बघ, देठापाशी."

कुसाबाईनं घड उचलून डोळ्यांशी आणला, मग जरा लांब धरला, मग अजून थोडा लांब. मणी काही दिसेना. ठकूबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली, आणि मग आपला चष्मा दोरीसकट काढून तिनं तो कुसाबाईच्या गळ्यात घातला.